चित्रकार नंदलाल बोस



या महिन्याच्या भित्तिपत्रकात थोर व्यक्तीचे चरित्र लिहायची पाळी माझी आहे. दर वेळी आपण पुढारी, संत नाहीतर शास्त्रज्ञ यांचे चरित्र लावतो. या वेळी मी चित्रकार निवडला. त्याला कारण आहे. मागच्या भित्तिपत्रकाच्या कडेची वेलबुट्टी आम्ही नऊ जणांनी मिळून काढली होती, आणि खाली नाव कोणाचे टाकायचे यावरून आमचे चांगलेच भांडण जुंपले. ज्याने पेन्सिलीने आखले त्याचे म्हणणे की चित्र त्याचे. ज्यांनी चार दिवस बसून रंग भरले त्यांचे म्हणणे की नुसत्या आखण्याने काय होते. गुरुजींनी भांडण मिटवले नाही. कपाटातून एक जुने पुस्तक काढून हातात दिले नि वाचायला सांगितले, बस्स. त्या पुस्तकात मला नंदलाल बोस भेटले. पुढचे काही गुरुजींनी सांगितले.

नंदलाल बोस यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात खरगपूर या गावी झाला. घराणे बंगाली. बंगालीत त्यांचे आडनाव बसू असे म्हणतात. वडील पूर्णचंद्र हे दरभंग्याच्या महाराजांच्या संस्थानात नोकरीला होते. आई क्षेत्रमणीदेवी यांच्या हातात कला होती. त्या मुलांसाठी घरीच खेळणी नि बाहुल्या करीत. नंदलाल लहान असतानाच ही आई गेली.

छोटा नंदलाल गावातल्या कुंभारांजवळ जाऊन बसे. तिकडे दुर्गापूजेला मातीच्या मूर्ती करतात, जशा आपल्याकडे गणपतीच्या. ते पाहून तोही मातीची चित्रे करू लागला. थोडा मोठा झाल्यावर पूजेचे मांडव सजवायला जाऊ लागला. मांडव सजवणे ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का. पुढे सगळ्या देशाने त्यांनी सजवलेले मांडव पाहिले.

शिक्षणासाठी त्याला कलकत्त्याला पाठवले. पण अभ्यासात नंदलालचे डोके चालेना. प्रवेश परीक्षा पास व्हायला विसावे वर्ष लागले. पुढे कॉलेजात एक जमेना म्हणून दुसरे, दुसरे जमेना म्हणून तिसरे असे झाले. १९०५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात व्यापाराचा अभ्यास घेतला, तिथेही तेच. मधे १९०३ साली लग्नही झाले होते. पत्नीचे नाव सुधीरादेवी. लग्न झालेला मुलगा नापास होतो आणि वर चित्रे काढीन म्हणतो, म्हणजे घरच्यांना किती घोर लागला असेल ते पालकांना जास्त कळेल. शेवटी घरच्यांनी परवानगी दिली. नंदलाल कलकत्त्याच्या सरकारी चित्रशाळेत गेला. तिथे अवनींद्रनाथ टागोर शिकवत. ते रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांनी या मुलाचा हात ओळखला.

मग मात्र गाडी थांबली नाही. कलकत्त्यात भारतीय कलेसाठी एक संस्था निघाली होती. तिच्या पहिल्या प्रदर्शनात नंदलालांच्या शिव आणि सती या चित्राला पाचशे रुपयांचे बक्षीस मिळाले. त्या काळी पाचशे म्हणजे केवढे पैसे! ते त्यांनी हिंदुस्थानात हिंडून जुनी देवळे आणि शिल्पे पाहण्यात घातले.

आता आपल्याकडची गोष्ट. १९०९ च्या हिवाळ्यात नंदलाल अजिंठ्याला आले. लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज चित्रकार बाई तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करीत होत्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून काही तरुण आले, त्यांत नंदलाल आणि असितकुमार हालदार होते. आपली सहल अजिंठ्याला गेली होती तेव्हा आपण दोन तासांत सगळी लेणी पाहून खाली येऊन डबे खाल्ले. हे लोक कित्येक दिवस तिथे राहिले. आत अंधार, भिंतीचा रंग जागोजागी उडालेला, आणि त्यातून रेघ न् रेघ शोधून कागदावर उतरायची. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची ती चित्रे कोणी काढली त्यांची नावे कोणालाच माहीत नाहीत. एकेका लेण्यात किती तरी हात लागलेले असणार. नंदलालांनी ती रेघ मात्र हातात घेतली, ती जन्मभर सोडली नाही.

पुढे रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनात बोलावून घेतले. तिथे कलाभवन नावाची चित्रशाळा निघाली होती. १९२२ च्या सुमारास नंदलाल तिचे प्रमुख झाले आणि १९५१ पर्यंत तिथेच शिकवत राहिले. विद्यार्थी त्यांना मास्टरमोशाय म्हणत. आपण गुरुजी म्हणतो तसेच ते. कलाभवनात मुलीही शिकत. नंदलालांच्या मुली गौरी आणि जमुना याही पुढे नावाजलेल्या चित्रकार झाल्या. गौरीदेवी अल्पना फार सुंदर काढत. अल्पना म्हणजे तिकडची रांगोळी, फक्त ती भिजवलेल्या तांदळाच्या पिठाने बोटांनी काढतात. आपल्या कोल्हापूरचे विनायक मासोजी हेही तिथे नंदलालांजवळ शिकले आणि नंतर तिथेच शिक्षक झाले.

मास्टरमोशायांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. एकेकाने कोपऱ्यात बसून आपापले चित्र काढायचे, हे तर होतेच. पण शाळेचा सण असो, नाटक असो, भिंत रंगवायची असो, सगळ्यांनी मिळून काम करायचे. शांतिनिकेतनात एक काळे घर आहे. ते मातीच्या भिंतींचे आहे. १९३४ च्या पुढच्या वर्षांत मास्टरमोशाय, रामकिंकर बैज आणि विद्यार्थी यांनी त्या भिंतींवर मातीतच उठावाची चित्रे केली. भारहूत, महाबलीपुरम अशा ठिकाणच्या जुन्या शिल्पांवरून ती घेतली. पावसाने नि वाळवीने माती जाऊ नये म्हणून वर डांबराचा हात दिला, म्हणून घर काळे. आपल्या गावात घराच्या दारांना, खांबांना खाली डांबर लावतात ते याच कारणाने. चित्र काढायला महागडे सामान लागते असे मला वाटायचे. त्या घराला माती आणि डांबर लागले.

१९३० साली रवींद्रनाथांनी लहान मुलांसाठी सहज पाठ नावाचे पहिले पुस्तक लिहिले. त्यातली चित्रे नंदलालांची. बंगालमधली मुले त्या चित्रांवरून अक्षरे शिकली. त्याच साली महात्मा गांधी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीला चालत गेले. नंदलालांनी लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून गांधीजींचा ठसा केला. काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा, हातात काठी, पुढे पडलेले पाऊल. हे चित्र तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलेच आहे, फक्त कोणाचे ते माहीत नव्हते. (आम्ही बटाटा कोरून तसा ठसा करायचा प्रयत्न केला. काठी मोडली.)

गांधीजींना हा माणूस आवडला. १९३६ साली लखनौच्या काँग्रेस अधिवेशनात भारतीय कलेचे प्रदर्शन मांडायला त्यांनी नंदलालांना बोलावले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अधिवेशन भरले ते आपल्या खानदेशात, फैजपूरला! खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिलेच अधिवेशन. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी अशी मंडळी त्यासाठी राबत होती. त्या तात्पुरत्या नगराला टिळकनगर नाव दिले. ते नगर उभे करायचे काम गांधीजींनी नंदलालांवर टाकले.

नंदलाल घाबरले. आपण चित्रकार, घरे नि मांडव बांधायचे आपल्याला काय कळते, असे त्यांनी गांधीजींना कळवले. त्यावर गांधीजींनी उलट कळवले ते असे की त्यांना मोठा उस्ताद वादक नकोच आहे, मनापासून वाजवणारा साधा वाजंत्री पुरे. अट एकच. सामान इथलेच वापरायचे आणि हात इथलेच लावायचे.

मग नंदलाल आले. म्हात्रे नावाचे स्थापत्यकार जोडीला होते. शहरातून किमती कापड, लोखंडी कमानी असले काही आणले नाही. बांबू, लाकूड, गवत, चटया, टोपल्या, जे खेड्यात मिळते त्याचे दरवाजे नि मांडव झाले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक मोटारीतून न काढता बैलांच्या रथातून काढली आणि तो रथ नंदलालांनी सजवला. गांधीजींनी प्रदर्शनाच्या वेळी नंदलाल आणि म्हात्रे यांचे नाव घेऊन सर्वांसमोर कौतुक केले. आमच्या गल्लीतल्या एक आजी सांगतात, की त्यांचे सासरे बैलगाडी जुंपून फैजपूरला गेले होते आणि पुढाऱ्यांपेक्षा दरवाजाच जास्त दिवस आठवत राहिले, कारण त्यांच्याच खळ्यात पडलेल्या बांबूसारख्या बांबूचा तो होता. तो दरवाजा कोणी बांधला हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हते.

आता हरिपुरा. चरित्रातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच, म्हणून तो लांबला तरी कंटाळू नका.

हरिपुरा हे गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यातले खेडे, तापी नदीच्या काठी. आपल्या खानदेशातून जाते तीच तापी. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथे काँग्रेसचे एक्कावन्नावे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. त्यांच्या रथाला एक्कावन्न बैल जोडले होते. नगराचे नाव विठ्ठलनगर. सजावट पुन्हा नंदलालांकडे.

या वेळी नंदलालांनी ठरवले की चित्रेच लावायची, पण मांडवात कोंडून नाही. प्रदर्शन म्हटले की लोकांना वाटते, ते शिकलेल्यांचे, तिथे आपले काय काम. तिकीट काढायला नको, जोडे काढायला नको, वाटेने जाता-येता डोक्यावर पाटी असलेल्या बाईलाही दिसले पाहिजे. दरवाजांवर, मांडवांच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला चित्रे टांगायची. आणि जागा काही दोन-चार नव्हत्या. चित्रे शेकड्यांनी लागणार होती.

एकट्या माणसाने ती कधी व्हायची? इथे मास्टरमोशायांचे खरे कसब दिसते. मूळ चित्रे त्यांनी स्वतः काढली, ऐंशीच्या आसपास. विद्यार्थ्यांनी ती समोर ठेवून पुन्हा काढली, रंगवली. अशी मिळून चारशेच्या आसपास चित्रे झाली! हातकागद घेऊन तो पुठ्ठ्यावर चिकटवायचा. चित्र साधारण दोन फूट. रंग मातीचे नि दगडांचे, म्हणजे गेरू, पिवळी माती, पांढरी खडी असले. जाड कुंचला, भरभर चालणारी रेघ, खोडाखोड नाही. बंगालमध्ये पट नावाची चित्रे काढणारे पटुआ लोक असेच भराभर काढतात. त्यांचीच तऱ्हा उचलली. पुष्कळ चित्रांभोवती कमान काढली, म्हणजे देवळीत ठेवल्यासारखे चित्र दिसते. आपल्या भिंतीतल्या देवळीत दिवा ठेवतात तसे.

तऱ्हा सोपी निवडली हे कमी हुशारीचे काम नाही. बारीक कलाकुसरीचे चित्र असते तर नवख्या मुलांच्या हातून बिघडले असते, आणि दहा पावलांवरून कोणाला दिसलेही नसते. मुलांच्या हाताला झेपेल आणि वाटसरूच्या डोळ्याला पोचेल असेच चित्र त्यांनी मुळात काढले. आमच्या वेलबुट्टीत नेमके हेच चुकले होते. आखणाऱ्याने इतकी बारीक पाने आखली की रंग भरणाऱ्यांचे कुंचले त्यात मावेनात.

आणि चित्रात काय होते? राजे-महाराजे नाहीत, पुढारीही नाहीत. ढोल वाजवणारा, वीणा वाजवणारा, सुतार, कापूस पिंजणारा, धान्य कांडणाऱ्या बाया, मूल कडेवर घेतलेली आई, शिकारी, मस्तवाल बैल. जे लोक ती चित्रे पाहायला येणार होते तेच चित्रात होते. बैलाचे चित्र मी पुस्तकात पाहिले. पोळ्याला आबा बैल धुऊन उभा करतात तेव्हा तो मान जशी टाकतो, तशीच मान आहे.

चार दिवस अधिवेशन झाले, लोक घरी गेले. उघड्यावर ऊन-वाऱ्यात टांगलेली चित्रे, ती काही कायमची राहावीत म्हणून केलेलीच नव्हती. तरीही पुष्कळ वाचली. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. २०१९ साली इटलीतल्या व्हेनिस शहरात जगभरच्या कलेचे प्रदर्शन भरले, तिथे भारताच्या दालनात ही हरिपुऱ्याची चित्रे लावली होती. खाली नाव अर्थातच नंदलाल बोस. नकला करणाऱ्या मुलामुलींची नावे सहसा कोणी सांगत नाही. मला हे वाचून थोडे वाईट वाटले. मी गुरुजींना विचारले की हे बरोबर झाले का. गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मला भारताच्या संविधानाच्या पहिल्या पानाचे चित्र दाखवले.

त्याची गोष्ट अशी. स्वराज्य आले, संविधान तयार झाले. ते छापण्याआधी हाताने सुंदर अक्षरांत लिहून घेतले. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. हिंदी प्रतीचा हातकागद आपल्या पुण्याला तयार झाला होता. पाने सजवायचे काम नंदलालांकडे आले. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा शांतिनिकेतनचे आपले विद्यार्थी नि सहकारी गोळा केले. मोहनजोदडोच्या मुद्रेपासून गांधीजींपर्यंत आपला सगळा इतिहास त्या पानांवर बावीस चित्रांत आला. आपले शिवाजी महाराजही त्यात आहेत, गुरू गोविंदसिंहांच्या सोबत. दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याकडे सिंहांच्या राजमुद्रेचे काम होते. तो सिंह नीट पाहता यावेत म्हणून कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बसे. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी त्या प्रतींवर सह्या केल्या.

आपण रोज परिपाठाला जी उद्देशिका म्हणतो, तिच्या पानाची वेलबुट्टी नंदलालांनी स्वतः काढलेली नाही. ती जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा या विद्यार्थ्याने काढली. आणि त्या पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, नक्षीत, अगदी लहान अक्षरांत नागरीत राम असे लिहिलेले आहे. गुरुजींनी भिंग दिले तेव्हा मला सापडले. एवढ्या मोठ्या कामात मास्टरमोशायांच्या नावाखाली न दडपता ते दोन अक्षरांचे नाव तिथे राहिले. हे पाहून मला जो आनंद झाला तो लिहिता येत नाही.

बाकी चरित्र थोडक्यात सांगतो. बडोद्याच्या गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात १९३९ ते १९४६ या काळात नंदलालांनी विद्यार्थ्यांना घेऊन चार भिंती रंगवल्या. गंगावतरण, मीराबाई, महाभारताचे युद्ध हे विषय तिथे आहेत. १९५४ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. कॉलेजात नापास होत गेलेल्या मुलाला पुढे विद्यापीठांनी मानाच्या पदव्या दिल्या. १६ एप्रिल १९६६ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. १९७६ साली सरकारने त्यांची चित्रे देशाचा ठेवा म्हणून जाहीर केली. ती आता विकून परदेशी नेता येत नाहीत.

आता या भित्तिपत्रकाच्या कडेकडे पाहा. या वेळी पाने मोठी आखली आहेत. रंग गेरू, हळद आणि चुलीतल्या काजळीचे आहेत, त्यामुळे कृपा करून ओला हात लावू नये. उजव्या खालच्या कोपऱ्यात वेलीला नऊ पाने आहेत. आठ पानांवर आठ जणांच्या नावाचे पहिले अक्षर आहे. नववे पान कोरे आहे, कारण ज्याने मागच्या वेळी आखले होते तो अजून रुसलेला आहे. कुंचला आणि काजळीची वाटी खिडकीत ठेवली आहे.

इयत्ता सातवी